कोणी लिहिलंय हे?

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आज जेवढं वाचलं जातं तेवढं पूर्वी कधीच वाचलं गेलं नसेल. आसनगावला लोकल पकडणारा माणूस कल्याण येईपर्यंत फोनवर जेवढा मजकूर नजरेखालून घालतो, तेवढा त्याच्या वडिलांना आठवडाभरातही मिळत नव्हता. मुरबाडहून सुटणाऱ्या एसटीत, वासिंदच्या रिक्षा स्टँडवर, टोकावड्याच्या नाक्यावर जीप भरायची वाट पाहत बसलेल्या बायांच्या हातात, सगळीकडे अक्षरं आहेत. ‘वाचन संपलं’ हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही.

मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. या मजकुराला उलट प्रश्न विचारता येतो का? तो कोणी लिहिला, कधी लिहिला, चुकला असेल तर कोणाला सांगायचं, याचा पत्ता लागतो का?

शहरातल्या मराठी माणसाची इंटरनेटशी ओळख टप्प्याटप्प्याने झाली. १९९६ साली अमेरिकेतल्या मराठी माणसांनी ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केलं. पुढे ‘मनोगत’, ‘मिसळपाव’ आली. युनिकोडमुळे देवनागरी कुठल्याही संगणकावर उमटू लागली, ‘गमभन’सारख्या साधनांमुळे मराठी टंकणं सोपं झालं, आणि कोणीही उठून स्वतःचा ब्लॉग लिहू लागलं. कोणी आजोळच्या आठवणी लिहिल्या, कोणी किल्ले लिहिले, कोणी गणित शिकवलं. ‘मराठी ब्लॉग विश्व’वर नोंदवलेल्या ब्लॉगांचे नवे लेख एकाखाली एक दिसत. ज्याला आणखी नेमकेपणाने वाचायचं असे तो फीड रीडर वापरायचा: आपण निवडलेल्या लेखकांनी नवं काही लिहिलं की ते लिहिल्याच्या क्रमाने समोर येई, आणि न निवडलेला एक शब्दही येत नसे. काय वाचायचं ते वाचणारा ठरवत होता.

त्या संकेतस्थळांवरच्या चर्चांत बहुतेक जण टोपणनावानेच लिहीत. पण ते टोपणनाव वर्षानुवर्षं तेच असे, आणि त्या नावाला पत असे. कोण नेहमी पुराव्यानिशी बोलतो, कोण उगाच वाद उकरतो, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. मराठीला ही रीत नवी नव्हती. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रं लिहिली ती ‘लोकहितवादी’ या नावाने. पण त्या नावाला एक घर होतं. ज्याला वाद घालायचा त्याने कुठे घालायचा हे त्याला माहीत होतं.

आपल्या दोन तालुक्यांच्या वाट्याला हा टप्पा जवळजवळ आलाच नाही. घरात संगणक क्वचित, सायबर कॅफे तालुक्याच्या गावी, तोही परीक्षेचे फॉर्म भरण्यापुरता. इथल्या बहुतेक घरांत इंटरनेट खऱ्या अर्थाने आलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर, थेट हातातल्या फोनवर. त्याच वर्षी डिसेंबरात मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. इतक्या वेगाने सगळं येऊन आदळलं. आपण आलो तेव्हा ब्लॉगची चर्चा ओसरली होती. गूगलने आपला फीड रीडर १ जुलै २०१३ रोजीच बंद करून टाकला होता. आपल्यापुढे आला तो वाहता मजकूर, आणि त्याचा क्रम दुसऱ्याच कोणीतरी लावलेला होता.

या वाहत्या मजकुराचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये ‘न्यूज फीड’ आणली, तिची घोषणा करणारी अभियंता रुची संघवी मूळची पुण्याची. तोवर दुसऱ्याचं काही पाहायचं तर त्याच्या पानावर जावं लागे. आता सगळ्यांचं सगळं आपोआप पुढ्यात येऊ लागलं. लाखो विद्यार्थ्यांनी निषेध केला. तो निषेध इतका झपाट्याने पसरला तोही त्या फीडमुळेच. पुढे क्रम वेळेवरून न लावता, कशावर लोक थांबतात, कशावर बोट ठेवतात, यावरून लावला जाऊ लागला. आजची बातम्यांची बहुतेक ॲप हेच करतात.

याचा अर्थ शहापुरात काय होतो ते पाण्यावरून पाहा. भातसा आणि तानसा आपल्या तालुक्यात. पावसाळा लागला की फोनवर बातमी येते: तानसा भरून वाहू लागला, भातसा इतके टक्के, मुंबईकरांची चिंता मिटली. रोजचे आकडे येतात, मुंबईला किती दिवस पुरेल त्याचा हिशोब येतो. एप्रिल-मे महिन्यांत त्याच धरणांच्या परिसरातल्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या असतात. टँकर उद्या येणार की परवा, भावली धरणातून ९७ गावांना आणि २५९ पाड्यांना पाणी द्यायची योजना कुठे अडली, हे त्यांच्या फोनवर येत नाही. कारण सरळ आहे. मुंबईच्या पाण्याची बातमी लाखो बोटं उघडतात, आणि एखाद्या पाड्याच्या पाण्याची शंभरही नाहीत. क्रम लावणाऱ्या यंत्राला दोन्हींतला फरक मोजता येतो तो एवढाच. म्हणून आपल्याच धरणाची बातमी आपल्यापर्यंत दुसऱ्याची बातमी होऊन पोचते. मला याचा राग येतो, आणि तो येऊ नये असं मला वाटत नाही.

दुसरं उदाहरण डोंगरांचं, कारण तिथे ब्लॉगने आपल्याला काय दिलं होतं ते स्पष्ट दिसतं. माहुली, आजोबा, गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट यांवर मराठी भटक्यांनी ब्लॉगवर जे लिहून ठेवलं ते मी मन लावून वाचलं आहे. कल्याणहून कुठली एसटी धरायची, वैशाखरे किंवा देहरी इथे कुठे उतरायचं, वाट कुठे फुटते, बारमाही पाणी कुठल्या टाक्यात, गावात जेवायची सोय होते का. चुकलं तर खाली दुसरा कोणीतरी लिही: ही वाट आता दरडीने मोडली, उजवीकडून जा. पाच वर्षांनी वाचणाऱ्यालाही ती दुरुस्ती सापडे. आणि सिद्धगडावर लिहिताना बहुतेक जण २ जानेवारी १९४३ ची ती सकाळ लिहीत, जेव्हा स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. वाचून येणारा माणूस हुतात्म्यांच्या त्या जागी थांबे.

आता विहीगावच्या धबधब्याची किंवा माळशेजची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत येते. पाणी कोसळतं, गाणं वाजतं, संपलं. पाऊस चढला की त्या डोहाचं काय होतं, दगड कुठे निसरडा, गाडी कुठे लावायची, यातलं काही नाही. ती लाखोंना एकाच शनिवारी दिसते आणि रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. मग अपघात होतात, जिल्हाधिकाऱ्यांचे पावसाळी बंदीचे आदेश निघतात, आणि हंगामात चहा-भजी विकून चार पैसे मिळवणाऱ्या गावकऱ्याची टपरी बंद होते. ती फीत करणाऱ्या पोराला मी दोष देत नाही, तो हौशीने करतो. पण तिच्याखाली ‘इथे जपून’ असं कोणी लिहिलं, तरी ते शेकडो बदामांच्या आणि टाळ्यांच्या खाली गाडलं जातं.

याहून जड गोष्ट अफवेची. तीही इथे नवी नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये, आताचा पालघर जिल्हा ठाण्यातच होता तेव्हा, तलवाड्याच्या बाजूला वारल्यांमध्ये निरोप फिरला की त्यांच्या लढ्याच्या नेत्या गोदूताई, म्हणजे गोदावरी परुळेकर, सभेला येणार आहेत, त्यांच्यावर हल्ला होणार आहे, हाती लागेल ते घेऊन या. हजारो वारली रातोरात जमले. निरोप खोटा होता आणि जमीनदारांच्या बाजूने सोडलेला होता. तिकडे पोलिसांना सांगितलं गेलं की वारली दंगल करायला जमले आहेत. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी ४ जण गेले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे तो लढा महाराष्ट्राला कळला. लोकांचा ज्या माणसावर सर्वांत जास्त विश्वास, त्याच माणसाचं नाव घालून तो निरोप सोडला होता, आणि सांगणारा कोण हे विचारायला वेळ ठेवला नव्हता.

आता असा निरोप फोनवरून फिरतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक कराचीतल्या एका संस्थेची होती. मुलांना जपा असं सांगणारी ती जाहिरात होती, आणि तिच्या शेवटी मूल परत आणून सोडताना दाखवलं होतं. कोणीतरी तो शेवट कापला. संस्थेचं नाव गेलं, हेतू गेला, उरली फक्त भीती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी ५ ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि अशा मजकुरावर तो ‘फॉरवर्डेड’ असल्याची खूण लावली. तरी १६ एप्रिल २०२० रोजी डहाणू तालुक्यातल्या गडचिंचल्यात २ साधू आणि त्यांचा चालक मारले गेले, टाळेबंदीत, चोरांच्या आणि मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा पाड्यापाड्यांत रात्री फिरत असताना. ती खूण एवढंच सांगते की हे पुढे पाठवलेलं आहे. पहिल्यांदा कोणी पाठवलं, ते वाचणाऱ्याला कळत नाहीच.

व्हॉट्सॲपचे गट वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. रात्री-अपरात्री रक्त लागलं, कसाऱ्याजवळ गाडी अडकली, पाड्यावर साप चावला, तर गावचा गट जे करतो ते कुठलंही कार्यालय इतक्या चटकन करत नाही. तिथे लिहिणारा ओळखीचा असतो, म्हणून ते चालतं. गडबड होते ती त्याच गटात बाहेरचा निनावी मजकूर ओळखीच्या माणसाच्या हातून येतो तेव्हा. भाच्याने पाठवलंय म्हणून मामा विश्वास ठेवतो; भाच्याने ते वाचलेलंही नसतं.

स्वतः वाचण्याची ओढ काय असते, तेही इथेच दिसलं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, म्हणजे जिओ येण्याच्या सहा महिने आधी, जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या बाया गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी वर्गात बसू लागल्या. देशोदेशींच्या पत्रकारांनी त्यांचे फोटो काढले. मला त्या शाळेतलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की अंगठा उठवायचा नाही, आपण कशावर सही करतो ते आपल्याला कळलं पाहिजे, ही ओढ तिथे होती. आयुष्यभर दुसऱ्याने वाचून दाखवलेल्यावर विश्वास ठेवावा लागलेल्या त्या बाया होत्या. फसवणूक कुठून सुरू होते हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

वाचून काय होतं ते याच तालुक्याने काळू धरणाच्या वेळी पाहिलं. वनखात्याची मंजुरी नसताना धरणाचं काम सुरू झालं, श्रमिक मुक्ती संघटना कोर्टात गेली, आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. मंजुरी आहे की नाही, काम कुठल्या तारखेला सुरू झालं, कोणी काढलेल्या आदेशावर: लढा याच गोष्टींवर उभा राहिला. त्या कागदांवर नाव, तारीख आणि जावक क्रमांक होता, म्हणून त्यांना प्रश्न विचारता आला. वाहत्या मजकुरावर असा कुठलाच लढा उभा राहत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या दोन तालुक्यांनी तो राहून गेलेला टप्पा आताही गाठावा. ब्लॉग जुना झाला असं शहरात म्हणतात. इथे तो अजून झालाच नाही. एखाद्या शिक्षिकेने किन्हवलीच्या बाजारावर लिहावं, कोणी म्हशाच्या यात्रेतल्या बैलांच्या बाजारावर, कोणी आपल्या पाड्याच्या टँकरची रोजची नोंद ठेवावी. कातकरी, ठाकूर पोरांनी आपल्या बोलीत लिहावं. नाव खरं असो वा टोपण, पण तेच ठेवावं, तारीख घालावी, आणि चूक दाखवणाऱ्याचं उत्तर खाली राहू द्यावं. फोनवर सगळं करता येतं, पैसे लागत नाहीत.

असं लिहिणारे काही जण आताही असतील, आणि यंत्राचा क्रम त्यांना आपल्यापर्यंत पोचू देत नसेल. तेव्हा शहापूर किंवा मुरबाडमधून कोणी एकाच नावाने, एका ठिकाणी, सलग लिहीत असेल तर तो पत्ता मला या सदराकडे कळवा. लेख लांब असो, चार ओळींची नोंद असो, विषय शेतीचा असो की शाळेचा. आलेले पत्ते मी स्वतः वाचून दर महिन्याच्या शेवटच्या लेखाखाली छापत जाईन, ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने.