बांधावर पाव अन् थंडा. शुगरचा हिशोब कोण ठेवणार?

वाशीम : सोयाबीन सोंगणीच्या दिवसात बांधावर चहासोबत पाव-टोस्ट अन् दुपारी थंड्याची बाटली, हे आता जिल्ह्यात नवीन राहिलं नाही. ज्वारीचा पेरा घटला, तशी शिदोरीतली भाकरही मागे पडली.

22 सप्टेंबर 2025 पासून गोड थंड पेयांवर 40 टक्के जीएसटी आहे. पण आधीचा 28 टक्के कर अन् 12 टक्के उपकर मिळूनही तेवढाच होत होता. म्हणजे कराने बाटली महाग झाली नाही. हिशोब घरीच करावा लागेल.

लेबल पाहा. 100 मिलीत 10 ग्रॅम साखर असेल, तर 200 मिलीच्या बाटलीत 20 ग्रॅम, म्हणजे पाच चमचे. पातळ साखर रक्तात झटकन उतरते. पाव गोड लागत नाही, म्हणून फसवतो. मैद्यात कोंडा नसतो, त्याचीही लवकर साखर होते. भाकरीनेही शुगर वाढते, पण हळू. तीही मोजूनच खावी.

‘राबणाऱ्याला शुगर होत नाही’ हा गैरसमज आहे. मेहनतीचा फायदा होतो, पण हमी नाही. आयसीएमआरच्या 2023 च्या अभ्यासानुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे, अन् 13.6 कोटी उंबरठ्यावर आहेत. सुरुवातीला काहीच दुखत नाही. तिशी ओलांडलेल्यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. उपाशीपोटी शुगर 126 किंवा जास्त आली, तर डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा तपासून घ्यावी.

तोवर शिदोरीत भाकर, सोबत ताक अन् माठाचं पाणी. एवढं तरी आपल्या हातात आहे.