तळाच्या साक्याला शिळे म्हणणारे विज्ञान

घरी बिअर करणाऱ्यांपुढे एक प्रश्न नेहमीचाच असतो: किण्वन संपल्यावर भांड्याच्या तळाशी बसलेला यीस्टचा साका टाकून द्यावा, की पुढच्या खेपेसाठी ठेवावा? विज्ञानवार्ता या प्रश्नाची दोन प्रकारे बोळवण करतात. कुणी त्याला काटकसरीचा जुगाड म्हणतो. कुणी पाकिटातले यीस्ट म्हणजे विज्ञान आणि उरलेले म्हणजे घाण, अशी वाटणी करून मोकळा होतो. दह्याचे विरजण पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्या समाजाने ही वाटणी मुकाट्याने मान्य करावी, हे आश्चर्यच आहे.

बिअरचे यीस्ट आज जसे आहे, तसे ते पुनर्वापरानेच घडले. 2016 साली बेल्जियममधील ल्यूव्हेनच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह 157 यीस्ट-वाणांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध केली. एका खेपेचा साका दुसऱ्या खेपेत घालण्याच्या शतकानुशतकांच्या रिवाजामुळे हे जीव माणसाळले, असा तिचा निष्कर्ष होता. माल्टमधील शर्करा ते कार्यक्षमतेने वापरतात, आणि त्यांपैकी अनेकांनी लैंगिक पुनरुत्पादनाची क्षमता गमावली आहे. वर्षातून एकदाच होणाऱ्या वाइनच्या यीस्टमध्ये हा बदल इतका ठळक नाही. ज्याला शिळे म्हणून हिणवले जाते, तो उत्क्रांतीचा चालता प्रयोग आहे.

पण म्हणून ‘आजोबांच्या काळापासून तेच यीस्ट’ हा अभिमानही खरा ठरत नाही. समजा, प्रत्येक खेपेत यीस्ट चौपट होते, म्हणजे दोनदा दुप्पट होते. त्यात एखादा रानटी वाण शिरला आणि तो दोनऐवजी तीनदा दुप्पट झाला, तर दर खेपेला त्याचे प्रमाण दुपटीने वाढेल. दहा खेपांत ही वाढ 1024 पट होते. आरंभी लाखात एक असलेला पाहुणा अखेरीस जवळजवळ शंभरात एक होतो. शिवाय साका काढण्याची पद्धतही निवड करीत असते. सर्वांत आधी तळाशी बसलेलेच यीस्ट दर वेळी उचलले, तर लवकर बसणाऱ्या पेशींचे राज्य येते आणि शर्करा पुरती न संपताच काम थांबू शकते.

एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी 1883 साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले, ते अशाच भेसळीवर उपाय म्हणून. त्यानंतरही मद्यनिर्मिती कारखान्यांनी पुनर्वापर सोडला नाही. ते पेशी मोजतात, मेथिलीन ब्लूने जिवंत-मृत ओळखतात, ठरावीक खेपांनंतर मूळ संवर्धाकडे परततात. खरा भेद ताज्या-शिळ्याचा नाही. मोजलेल्या आणि न मोजलेल्याचा आहे.

भारतात हा भेद शिकवण्याच्या वाटेवर कायदाही उभा आहे. चेन्नईच्या पश्चिमेचे आवडी घ्या. तमिळनाडूत 1937 चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याविना घरी बिअर करणे तेथे गुन्हा आहे. आप्पमचे पीठ फुगवणाऱ्या ताडीवरही 1987 पासून बंदी आहे. कायदा मोडा, असे कुणी सुचवत नाही. पण मद्यावरची बंदी यीस्टविषयीच्या कुतूहलावर कशी लागू होते?

आवडी हे रणगाड्यांचे गाव आहे. ‘अर्जुन’ची रचना तेथील प्रयोगशाळेत झाली आणि बांधणी तेथल्याच कारखान्यात. अचूक मापावर ज्या गावाचे पोट चालते, त्याच गावातील स्वयंपाकघरांत इडली-आप्पमची पिठे रोज आंबतात, आणि त्यांत काय चालले आहे हे पाहायला कोणत्याही विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शक मिळत नाही. पाठ्यपुस्तकात मात्र ग्लुकोजपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होण्याचे एका ओळीचे समीकरण पाठ करून घेतात.

यासाठी मद्य लागत नाही. ब्रेडच्या आंबलेल्या कणकेचा गोळा मागे ठेवून दुसऱ्या दिवशीच्या कणकेत मिसळावा. असे दहा वेळा करावे. दर वेळी ती मोजपात्रात किती चढली, सामू किती उतरला, सूक्ष्मदर्शकाखाली किती पेशी निळ्या दिसल्या, हे वहीत लिहावे. शेजारी दर वेळी पाकिटातल्या नव्या यीस्टची कणीक तुलनेसाठी ठेवावी. घातांकी वाढ, निवड आणि भेसळ हे तिन्ही धडे एका वहीत येतात, आणि खर्च काही रुपयांचा असतो.

हे न करता जी महाविद्यालये जैवतंत्रज्ञानाच्या पदव्या वाटतात आणि जी माध्यमे ‘प्राचीन किण्वनविद्येचे’ गोडवे गातात, ती दोघेही एकच चूक करतात: जिवंत गोष्टीला नुसते नाव देतात, तिचे माप घेत नाहीत. ते माप वहीत उतरेपर्यंत शिळे काय आणि ताजे काय, हे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही वार्तेला नाही.