नववीतल्या मुलाने कॉलेजचा भूगोल ऑनलाइन शिकावा का?

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये न्यू जर्सीहून मावसबहिणीचा फोन आला. ‘अगं, याला एपी ह्यूमन जिऑग्रफी घ्यायचंय. याच्या शाळेत नववीला ते नाही, म्हणून ऑनलाइन म्हणतोय. घेऊ देऊ का?’

मी काय सांगणार? दहावीला भूगोलाचे ४० मार्क इतिहास-राज्यशास्त्राच्या ६० मार्कांना जोडले आणि या विषयाशी माझं नातं संपलं. पुढे सायन्स, मग इंजिनिअरिंग. त्यानंतर नकाशा उघडला तो कॅब कुठे पोहोचली हे बघायला. तरी ताईला ‘बघते’ म्हटलं आणि वर्षभर दर रविवारी भाच्यासोबत व्हिडिओ कॉलवर बसले. त्यातून बनलेलं माझं मत असं: हा कोर्स ऑनलाइन जरूर घ्यावा, पण दोन अटींवर.

हा कोर्स नेमका आहे काय?

एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. सॅट परीक्षा घेणारी अमेरिकेतली कॉलेज बोर्ड हीच संस्था हे कोर्स आखते. हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पातळीचा विषय शिकायचा आणि मे महिन्यात परीक्षा द्यायची. निकाल १ ते ५ या श्रेणीत लागतो. मानवी भूगोलाची परीक्षा पहिल्यांदा २००१ मध्ये झाली. आता दरवर्षी दोन लाखांहून जास्त मुलं ती देतात. त्यात नववीची मुलं मोठ्या संख्येने असतात.

यात नद्या आणि पर्वत जवळपास नाहीत. लोकसंख्या आणि स्थलांतर, भाषा आणि धर्म, राज्यांच्या सीमा, शेती, शहरं, उद्योग आणि विकास असे भाग आहेत. माणसं जिथे राहतात तिथेच का राहतात, हा खरा प्रश्न. आपल्याकडे बारावीला भूगोल घेतलेल्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

ऑनलाइन म्हणजे किती ऑनलाइन?

इथेच पालकांची गल्लत होते. शिकणं ऑनलाइन होतं, परीक्षा घरून देता येत नाही. २०२५ पासून हा पेपर पूर्णपणे ब्लूबुक अ‍ॅपवर होतो, पण तो केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर द्यावा लागतो. ऑनलाइन शिकणाऱ्या मुलाला जवळची अशी शाळा शोधावी लागते, जी बाहेरच्या विद्यार्थ्याला बसू देईल. प्रत्येक शाळा तयार होतेच असं नाही. परीक्षा मेमध्ये असली, तरी नोंदणी साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी लागते. उशीर झाला तर जादा शुल्क पडतं.

म्हणून पहिली अट: आधी परीक्षेची जागा पक्की करा, मग कोर्सचे पैसे भरा. ताईला तीन शाळांना फोन करावे लागले, तेव्हा कुठे एक तयार झाली.

आणखी एक गोष्ट. कोर्सच्या नावात ‘एपी’ लावायचं तर शाळेला अभ्यासक्रम कॉलेज बोर्डाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. अशा कोर्सची यादी सर्वांसाठी खुली आहे, ती बघून घ्या. १९९७ पासून चालणाऱ्या फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूलसारख्या सरकारी ऑनलाइन शाळाही हा विषय शिकवतात. कोर्स न घेता, स्वतः अभ्यास करूनही परीक्षा देता येते.

क्रेडिट मिळतं का?

ते विद्यापीठ ठरवतं. अनेक ठिकाणी ३ किंवा ४ वर क्रेडिट मिळतं, तर काही नामांकित विद्यापीठं या विषयाला काहीच देत नाहीत. परीक्षेचं शुल्क अमेरिकेत १०० डॉलरच्या आसपास असतं. एवढ्या पैशात कॉलेजचा एक विषय सुटला तर फायदाच. पण नववीतल्या मुलाचं विद्यापीठ कुठलं, हे आज कोणाला ठाऊक? त्यामुळे निव्वळ क्रेडिटसाठी हा कोर्स घेणं म्हणजे न बघितलेल्या गाडीचं तिकीट काढणं.

‘सोपा एपी’ अशीही याची ख्याती आहे. ती फसवी आहे. कित्येक वर्षं परीक्षा देणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्या मुलांना ३ किंवा त्याहून वरची श्रेणी मिळत आली.

मुलं अडतात कुठे?

पेपरचे दोन भाग असतात. ६० मिनिटांत ६० बहुपर्यायी प्रश्न, मग ७५ मिनिटांत तीन लेखी प्रश्न, प्रत्येकी ७ गुणांचे. दोन्ही भागांना निम्मं-निम्मं वजन.

भाचा व्हिडिओ दीडपट वेगाने बघायचा आणि बहुपर्यायी सराव झपाझप सोडवायचा. पहिल्या लेखी उत्तराला मात्र ७ पैकी २ मिळाले. व्याख्या सगळ्या बरोबर होत्या. प्रश्न होता ‘स्पष्ट करा’ आणि त्याने लिहिलं होतं ‘म्हणजे काय’. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मीही हेच केलं होतं, त्यामुळे रोग लगेच ओळखला.

आम्ही फॉन थ्यूनेनपासून सुरुवात केली. १८२६ मध्ये या जर्मन जमीनदाराने मांडलं की शहराभोवती शेतीची वर्तुळं पडतात. दूध आणि भाजी नासते म्हणून सगळ्यात जवळ, धान्य त्यापलीकडे, गुरांची कुरणं सगळ्यात लांब. मी त्याला मुंबईतलं आरे सांगितलं. १९४९ मध्ये गोरेगावला उभी राहिलेली ही दूध वसाहत थ्यूनेनच्या वर्तुळात चपखल बसते. मग विचारलं, आज मुंबईत येणारं गोकुळचं दूध कुठलं? कोल्हापूरचं, साडेतीनशे किलोमीटरहून लांबचं. मग थ्यूनेन चुकला का?

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘त्याच्याकडे फ्रिजवाले टँकर नव्हते.’

हेच ते उत्तर. सिद्धांत कुठे लागू पडतो, कुठे मोडतो आणि का, एवढंच परीक्षक विचारतो. व्हिडिओ सिद्धांत सांगतो. तो मोडताना बघायला खिडकीबाहेर बघावं लागतं.

दुसरी अट इथून येते: मुलाचं लेखी उत्तर दर आठवड्याला वाचणारं एक माणूस हवं. तज्ज्ञच हवं असं नाही. ‘हे असं का?’ असं विचारून भंडावून सोडणारं हवं. वर्गात ते काम शिक्षक करतात, सोबतची मुलं करतात. ऑनलाइन कोर्समध्ये ही जागा अनेकदा रिकामी राहते आणि चौदा वर्षांचं मूल एकटंच स्क्रीनसमोर व्याख्या पाठ करत बसतं. असं माणूस मिळणार नसेल, तर एक वर्ष थांबलेलं बरं.

मग हाती काय लागतं?

स्थलांतराच्या धड्यात ‘साखळी स्थलांतर’ आलं. आधी गेलेला माणूस मागच्यांना बोलावून घेतो. मी भाच्याला म्हटलं, ‘आजीला फोन कर. आजोबा मुंबईला कसे आले ते विचार.’

मावशी तासभर बोलत होती. राजापूरजवळचं गाव, लालबागमधली गावाची खोली, एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले. आधी आलेल्या चुलत्याने आजोबांना गिरणीत चिकटवलं, मग आजोबांनी धाकट्या भावाला बोलावलं. भाच्याने ते सगळं वहीत उतरवलं आणि शेवटी आईला विचारलं, ‘आपण एडिसनलाच का आलो?’ ताई म्हणाली, ‘बाबांचा रूममेट आधी इथे आला होता.’

पुढच्या शनिवारी ते सामान आणायला ओक ट्री रोडवर गेले. साड्यांची, सोन्याची, मिठाईची ती दुकानं त्याने लहानपणापासून पाहिली होती. त्या दिवशी तो म्हणे प्रत्येक दुकानदाराला विचारत होता, ‘तुमच्या आधी इथे कोण आलं होतं?’

जुलैमध्ये निकाल लागला. ४ मिळाले. क्रेडिट मिळेल की नाही, ते तीन वर्षांनी कळेल. आजीला मात्र त्याचा आता दर रविवारी फोन असतो.