जुन्या गाडीचा नवा गिअर

वार्षिकाच्या पानावर ‘गिअरबॉक्स’ हा शब्द पाहून आमच्या काही प्राध्यापकांना वाटेल, की हा लेख एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या अंकातून चुकून इकडे आला. कला शाखेच्या विद्यार्थ्याने लिहावे ते कवितेवर, नाटकावर, फार तर दुष्काळावर! परंतु गेल्या दिवाळीत आमच्या घरात जो वाद पेटला, तो गिअरबॉक्सवरूनच पेटला. आणि जुन्या वस्तूंशी आपण कसे वागावे, हा प्रश्न मला त्या वादाने जितका विचारला तितका इतिहासाच्या पेपरानेही विचारला नव्हता. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझा मामेभाऊ (आम्ही त्याला दादा म्हणतो) नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला असतो. पैसे साठवून त्याने १९६५ सालची एमजीबी ही दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार घेतली. आपल्याकडे २०१९ पासून एमजी नावाच्या मोटारी विकल्या जाऊ लागल्या. नाव तेच, पण मालक निराळे. जुनी एमजीबी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९६२ ते १९८० या काळात बनली, आणि १९८० साली तो कारखानाच बंद झाला. तिचे इंजिन १७९८ सीसीचे, गिअर चार; आणि १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही.

गिअर बदलताना जे दोन भाग एकमेकांत अडकायचे असतात त्यांची गती वेगवेगळी असते. दाते भिडण्यापूर्वी घर्षणाने ती गती सारखी करून देणारी योजना म्हणजे सिंक्रोमेश. ती नसली, तर चालत्या गाडीत ते काम चालकाने करायचे. क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडून ॲक्सिलरेटर द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग खालचा गिअर टाकायचा. आपले ट्रकवाले याला ‘डबल क्लच’ म्हणतात. अंदाज चुकला, की दाते करकर वाजतात!

दादाची दुसरी अडचण मोठ्या रस्त्यावरची. इंग्लंडच्या मोटरवेवर ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर, या मर्यादेला धावताना चौथ्या गिअरात इंजिनाचे फेरे मिनिटाला चार हजारांच्या घरात जातात. त्या आवाजात शेजारच्याशी बोलणेही कठीण. ओव्हरड्राइव्ह नावाची सोय त्या काळी जादा पैसे भरून मिळे. दादाच्या गाडीत ती नाही.

यावर तिकडच्या खासगी कारागिरांनी उपाय काढला आहे. फोर्डच्या सिएरा मोटारीतला पाच गिअरचा बॉक्स घ्यायचा, त्याला एमजीबीच्या इंजिनाशी जुळणारे पुढचे कवच लावायचे, दांड्याच्या खाचांना जुळणारी क्लच प्लेट घालायची, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलायची, खालचा आधार नवा करायचा आणि वेग दाखवणाऱ्या काट्याचा हिशेब नव्याने बसवायचा. पाचव्या गिअरात तेच फेरे सव्वातीन हजारांच्या आसपास उतरतात. पहिला गिअरही मुकाट्याने पडतो.

“बसवू का?” असे दादाने फोनवर विचारले आणि मी खवळलो. म्हणालो, “मूळ गिअरबॉक्स काढलास तर ती १९६५ ची गाडी राहीलच कशी? ज्या कारागिरांनी ती घडवली त्यांचा हा अपमान आहे. डबल क्लच ही एक कला आहे, ती तू मारतो आहेस!” बोलताना माझाच आवाज मला फार आवडत होता, हे आज कबूल करतो.

आजोबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. तीस वर्षे त्यांनी पुणे-बेंगळूर रस्त्यावर मालट्रक चालवला आहे. ते म्हणाले, “कला कसली रे? दुसरा इलाज नव्हता म्हणून करत होतो. खंबाटकी उतरताना एक गिअर हुकला, तर मागे दहा टन माल असायचा. हा डावा गुडघा त्यातच गेला. सोपा गिअर मिळाला असता तर मी काय नको म्हटलं असतं?”

मी गप्प झालो. आपण ज्या कष्टांना ‘वारसा’ म्हणून ओवाळतो, ते कष्ट बहुधा दुसऱ्याच्या गुडघ्यांनी केलेले असतात. दादाची गाडी घरात झाकून राहिली, तर तिचे मूळपण शाबूत राहील खरे. पण गाडी म्हणून तिचे आयुष्य संपेल. एमजीबी पाच लाखांहून अधिक बनल्या. ही काही जगातली एकुलती एक मूर्ती नव्हे. तिने रस्त्यावर धावावे आणि धावता यावे म्हणून तिला पाचवा गिअर मिळावा, असे माझे आजचे मत आहे.

परंतु माझा जुना राग अगदीच निराधार होता, असेही मी मानत नाही. प्रश्न बदल करावा की नाही हा नाहीच. तो परत फिरवता येतो की नाही, हा आहे. काही जुन्या अमेरिकन गाड्यांत मोठा गिअरबॉक्स मावावा म्हणून मधल्या बोगद्याचा पत्रा कापला जातो. एकदा कापलेला पत्रा पुन्हा कारखान्यातला होत नाही. जुन्या वाड्यात वीज घेतल्याने वाडा बाटत नाही. पण वायरीसाठी कोरीव तुळई कापली, तर पुढच्या पिढीने आपल्याला काय म्हणावे?

आंतरराष्ट्रीय जुन्या वाहनांची संघटना ‘फिवा’ १९६६ साली स्थापन झाली. तिच्या ट्युरिन सनदेचा आग्रह नेमका हाच आहे. पुढच्या काळात केलेले फेरफार शक्यतो उलटवता येतील असे असावेत आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग वाहनासोबत जपावेत, असे ती सांगते. हा नियम मला पटतो, कारण तो आजच्या चालकाला सुख देतो आणि उद्याच्या मालकाचा हक्कही राखतो. तीस वर्षांनी कुणाला १९६५ चा चालक नाक्यावर कसा गिअर पाडत असे हे आपल्या हातापायांनी अनुभवावेसे वाटले, तर त्याची वाट आपण बंद का करावी?

दादाने अखेर नवा बॉक्स बसवला. पत्र्याला कुठेही करवत लावली नाही. जुना गिअरबॉक्स त्याच्या गॅरेजमध्ये फळीवर ठेवला आहे, गाडीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधून. परवा व्हिडिओवर त्याने तो आजोबांना दाखवला. आजोबांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “रिकामा ठेवू नकोस. तेल भर त्यात, आणि महिन्यातून एकदा हाताने फिरव. नाहीतर गंजेल.”