एक तबकडी, अख्खं गाव

मागच्या रविवारी पाहुण्यांना घेऊन आपल्याच किनाऱ्यावरच्या एका नव्या हॉटेलात जेवायला गेलो होतो. नाव सांगत नाही, मांडव्यापासून मुरुडपर्यंत अशी आता बरीच झालीत. सोलकढी काचेच्या बरणीत, सुरमई लाकडी फळीवर, आणि भिंतीवर रेकॉर्डी. वीस-पंचवीस तरी असतील. मधल्या भोकातून खिळा ठोकून लावलेल्या. दोन-तीन रेकॉर्डींवर पांढऱ्या रंगात वारली चित्रं काढलेली.

मी उठून जवळ गेलो. लाल लेबल, कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा, खाली मराठी अक्षरं. अर्ध्याअधिक अठ्ठ्याहत्तरच्या. एकीवर नाट्यसंगीत, एकीवर पोवाडा, एकीवर भजन. वेटरला विचारलं, या कुठून आणल्या रे? तो म्हणाला, "डेकोरेशनवाल्यांनी आणल्या काका. किलोवर मिळतात."

किलोवर! सुकी सुकट पण यापेक्षा जपून विकतात हो आपल्याकडे.

त्याच संध्याकाळी पाहुण्यांच्या मुलाने मोबाईलवर आपली नवी खरेदी दाखवली. परदेशी बँडची एलपी. लिमिटेड एडिशन, फक्त पाचशे प्रती, निळ्या रंगाची, मागे नंबर छापलेला. पैसे विचारले नाहीत, कारण साधी नवी एलपी सुद्धा आज अडीच-तीन हजारांना जाते हे मला माहीत आहे. म्हटलं, कशी वाजते? तर तो हसला. "उघडली नाही काका. सील तोडलं की किंमत उतरते."

म्हणजे बघा. एकीकडे पुन्हा कधीही छापली जाणार नाही अशी रेकॉर्ड खिळ्याला लटकतेय. दुसरीकडे मुद्दाम कमी छापलेली रेकॉर्ड प्लास्टिकमध्ये गुदमरतेय. वाजत दोन्ही नाहीत. त्यावरच हे लिहितोय. थोडं लांबेल, पण वाचा.

आधी तरुण पोरांच्या बाजूने बोलतो. रेकॉर्डीची आवड परत आली याचा मला आनंदच आहे. आणि कमी प्रती काढणं हा काही गुन्हा नाही. एखाद्या नव्या कलाकाराला गिऱ्हाईकच तीनशे असेल तर त्याने तीन हजार तबकड्या काढून घरात रचायच्या का? त्याने तीनशेच काढाव्यात. ती प्रामाणिक मर्यादा आहे. माझा राग दुसऱ्या मर्यादेवर आहे. हवं तर पन्नास हजार काढता येतील अशी कंपनी तेच गाणं चार रंगांत, चार वेष्टनांत, "फक्त इतक्याच प्रती" म्हणून काढते आणि आपण घाबरून बटण दाबतो. ती टंचाई बनवलेली असते. रॉकेलच्या दुकानात "माल संपत आला" म्हणून ओरडणारा दुकानदार आठवा, तीच ही जात.

अमेरिकेत २००८ च्या एप्रिलमध्ये "रेकॉर्ड स्टोअर डे" सुरू झाला. हेतू चांगला होता. छोटी स्वतंत्र दुकानं मरत होती, म्हणून त्या दिवसापुरत्या खास तबकड्या काढायच्या, त्या फक्त अशा दुकानांतच विकायच्या, लोक दुकानात येतील. लोक आलेही. पण मग पहाटेपासून रांग लावून माल उचलणारे आणि त्याच रात्री इंटरनेटवर दुप्पट-तिप्पट भावाने विकणारेही आले. मोठ्या कंपन्यांनी जुनीच गाणी नव्या रंगात काढून कारखान्यांची यंत्रं अडवली, आणि छोट्या लेबलांना महिनोन्महिने थांबावं लागतं ही त्यांचीच तक्रार आहे. दुकान वाचवायला काढलेला दिवस सटोडियांच्या हाती गेला. आता ही रीत आपल्याकडेही येतेय. म्हणून आत्ताच बोललेलं बरं.

बरं, दुकान म्हणजे काय हे आपल्या किनाऱ्याच्या लोकांना मुंबईच्या उपनगरवाल्यांपेक्षा जास्त माहीत होतं, कारण आपली लाँच गेटवेलाच लागते. मांडव्याला बसायचं, गेटवेला उतरायचं, दहा-पंधरा मिनिटं चाललं की काळा घोडा आणि समोर ऱ्हिदम हाऊस. चाळीसच्या दशकात सुरू झालेलं दुकान. ऐकायच्या केबिनी होत्या तिथे. रेकॉर्ड मागायची, आत उभं राहून ऐकायची, आवडली तर घ्यायची. खिशात पैसे नसतील तर आवडली नाही असं तोंड करून बाहेर पडायचं. मी कितीदा तसं केलंय! काउंटरवरच्या माणसाला कळायचं. तो काही बोलायचा नाही. उलट पुढच्या वेळी, "तुम्ही ते ऐकलं होतं ना, मग हे ऐका" म्हणून दुसरीच रेकॉर्ड पुढे करायचा. पावसाळ्यात लाँच बंद, मग एसटीने पेण-वडखळ करत जायचं. तरी जायचो.

२०१६ च्या सुरुवातीला ते बंद झालं. पुढे ती जागा नीरव मोदीच्या कंपनीने घेतली, आणि मग ईडीने जप्त केली. गाण्याचं दुकान हिरेवाल्याकडे आणि हिरेवाल्याकडून जप्तीत, यापेक्षा वेगळं काय लिहू? बंद झालं तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, मीही केली. पण खरं सांगू? त्याआधीच्या पाच-सहा वर्षांत मी तिथून काहीही घेतलं नव्हतं. गेटवेला उतरून टॅक्सी करून थेट स्टेशन गाठत होतो. दुकान काळाने मारलं म्हणणं सोपं आहे. त्या काळात मीही होतो.

पुण्याचं अलूरकर म्युझिक हाऊस आठवा. नुसती विक्री नाही, शास्त्रीय गाण्याच्या स्वतःच्या कॅसेट काढणारं दुकान. अशी माणसं काय विकायचं ते कान लावून ठरवायची. आज ते काम मोबाईलमधला हिशेब करतो. तुम्ही काल जे ऐकलं तेच आज परत पुढ्यात. दुकानदार आपल्याला न मागितलेलं ऐकवायचा, हा फरक आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळे श्रीमंतांचे चोचले. आपल्या रायगडच्या माणसाचा रेकॉर्डशी काय संबंध?

इथेच आपण चुकतो. आपल्याकडे रेकॉर्ड कधी श्रीमंताच्या दिवाणखान्यापुरती नव्हतीच. ती लाऊडस्पीकरवाल्याची होती. पत्र्याची पेटी, रेकॉर्डप्लेअर, बॅटरी, आणि माडाला नाहीतर आंब्याला बांधलेला कर्णा. लग्न असो, सत्यनारायण असो, पालखी असो, कोळीवाड्यातली नारळी पौर्णिमा असो. एक रेकॉर्ड लागली की अख्खं गाव ऐकायचं. शेतात लावणी करणारी बाई ऐकायची, होडीत जाळं शिवणारा ऐकायचा. शांता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल लावलेली कोळीगीतं आपल्या बंदरांवर अशीच पोचली. घरात रेडिओ नसलेल्यांनाही ती पाठ होती. शोले १९७५ ला आला तेव्हा पॉलिडोरने संवादांच्याही रेकॉर्डी काढल्या होत्या, त्या लग्नाच्या मांडवात वाजायच्या. नवरदेव घोड्यावर आणि कर्ण्यातून गब्बर! कोणाला काही वाटायचं नाही.

एक तबकडी, अख्खं गाव. आणि आज? पाचशे तबकड्या, पाचशे कपाटं. सगळ्यात सार्वजनिक वस्तू आपण सगळ्यात खाजगी करून टाकली, आणि वर तिला दर्दीपणा म्हणतो.

आमच्या गावात एक लाऊडस्पीकरवाले काका होते. दोन ट्रंका भरून रेकॉर्डी. प्रत्येकीवर कागदाची पट्टी, त्यावर शाईने आकडा आणि कोणत्या कार्याला चालेल ते लिहिलेलं. "हळद." "वरात." "पूजा, सकाळी." असली यादी कुठल्या विद्यापीठात मिळेल का सांगा. काका गेले, ट्रंका माळ्यावर गेल्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यांच्या घराचे पत्रे गेले, पाऊस सरळ माळ्यावर. आठवड्याने मी गेलो तेव्हा अंगणात कागदी पाकिटांचा लगदा वाळत पडला होता आणि पट्ट्यांवरची शाई धुऊन गेली होती. काकांचा मुलगा म्हणाला, "पोफळी गेल्या, माड गेले, त्याचा काय सांगू तुला. ह्या ताटल्या ठेवून काय करू? घेऊन जा लागतील तेवढ्या."

मी अकरा आणल्या. सगळ्या का नाही आणल्या, हा प्रश्न मला अजून टोचतो. दिवाळीच्या सुमारास परत गेलो तर उरलेल्या भंगारवाल्याकडे गेलेल्या. आता एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर असतील. कदाचित मी सुरमई खाल्ली त्याच भिंतीवर.

"यूट्यूबवर सगळं आहे की!" नाही हो. सगळं नाही. त्या अकरांतल्या चार रेकॉर्डींवरची नावं मी मोबाईलवर शोध शोध शोधली. गाणं तर सोडाच, गायकाचं नावही सापडलं नाही. कोलकात्याला सियालदाहला १९०८ साली कारखाना निघाला, १९२८ ला दमदमला गेला. तेव्हापासून सत्तरच्या आसपास अठ्ठ्याहत्तर बंद होईपर्यंत मराठीत किती नाटकं, पोवाडे, कीर्तनं, नकला त्या तीन-तीन मिनिटांत कोंबून भरल्या गेल्या. त्यातलं जे विकलं गेलं ते पुन्हा एलपीवर, कॅसेटवर, मोबाईलवर आलं. बाकीचं फक्त त्या लाखेच्या तबकडीवर आहे. ती फुटली की संपलं. खरी लिमिटेड एडिशन ही आहे, आणि हिच्यावर नंबर छापलेला नाही.

मुंबईत १९९० पासून "सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स" ही मंडळी हे काम करत आली. जमवणं, नोंदी ठेवणं, मुख्य म्हणजे लोकांना बसवून ऐकवणं. असं काम आपल्या जिल्ह्यात का होऊ नये? १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आपल्या सार्वजनिक वाचनालयांना अनुदान मिळतं. माझी मागणी साधी आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यातल्या एका वाचनालयात एक कपाट, एक चांगला प्लेअर आणि महिन्यातून एक संध्याकाळ. लोकांनी घरातल्या रेकॉर्डी आणून द्याव्यात, वाचनालयाने त्यांची नोंद करावी आणि सगळ्यांसमोर वाजवाव्यात. कायद्याची भीती कोणी घालेल, म्हणून सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६० सालच्या रेकॉर्डीच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२० संपताना संपला. गीतकार-संगीतकारांचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, त्याचा मान ठेवायलाच हवा. पण "काहीच करता येत नाही" हे खरं नाही.

आणि ज्यांना नव्या रेकॉर्डी घ्यायच्याच आहेत त्यांनी जरूर घ्या. माहीमला रिव्हॉल्व्हर क्लब आहे, चोरबाजारात मटण स्ट्रीटला जुन्या रेकॉर्डीवाले आहेत. तिथे स्वतः जा. दुकानदाराशी बोला, ऐकून घ्या, घासाघीस करा, एखादी न ठरवलेली रेकॉर्ड उचला. रात्री बारा वाजता बटण दाबून घेतलेल्या पाचशेतल्या एका नंबरापेक्षा ते पैसे तिथे जास्त कामाला येतील. आणि घरी आणली की सील तोडा. चार माणसं बोलवा. चहा ठेवा. वाजवा.

हॉटेलवाल्यांनाही विनंती आहे, भांडण नाही. भिंत सजवायची तर तुटलेल्या लावा, न वाजणाऱ्या लावा. साबूत असेल तर खिळा मारू नका, वाजवा. गिऱ्हाईक वाढेल, बघा.

शेवटी कामाचं. माळ्यावर रेकॉर्डी असतील तर पत्र्याखालून काढा, उन्हात ठेवू नका. आडव्या थप्पीत रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. जुन्या जड अठ्ठ्याहत्तरच्या लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट कधीही लावू नका, लाख विरघळते. मऊ कोरड्या फडक्याने पुसा. एलपीची सुई त्यांच्यावर चालवू नका. दोन्ही लेबलांचे फोटो काढा, मधल्या गुळगुळीत भागावर कोरलेला क्रमांक लिहून घ्या. पाकिटावर घरातल्या कोणी काही लिहिलं असेल, हळद, वरात, कोणाचं लग्न, तर ते आधी उतरवून घ्या. शाई पहिली जाते.

माझ्याकडच्या अकरांतली एक अजून वाजते. तिच्या पट्टीवर नुसतं एक अक्षर उरलंय, "ह". मी ती हळदीचीच धरतो. येत्या लग्नसराईत आमच्या आळीत कोणाचं कार्य असेल तर सांगा, मी प्लेअर घेऊन येतो. कर्णा तुम्ही बघा.

आणि पाऊस यायच्या आत एकदा माळ्यावर चढा.