सर्व्हर डाऊन नव्हता, साहेब!

मंडळी, निकाल लागले की दाखल्यांच्या रांगा लागतात. गेल्या जूनमध्ये आपल्या तालुक्यातल्या एका केंद्रात (नाव घेत नाही) बातमीसाठी उभा होतो. दहाला शटर उघडलं, कॉम्प्युटर सुरू झाला. पंधरा मिनिटं झाली तरी स्क्रीनवर चक्र फिरतंय. पोरीच्या ॲडमिशनसाठी रोजगार बुडवून आलेल्या मावशींना उत्तर मिळालं, "सर्व्हर डाऊन आहे."

अहो, ब्राउझर अजून उघडलाच नव्हता! सर्व्हर डाऊन आहे हे कळलं कसं?

ऑपरेटर पोरगा भला होता. त्याला म्हटलं, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडला. त्यात 'स्टार्टअप'ची यादी असते, म्हणजे मशीन चालू होताच आपोआप सुरू होणारे प्रोग्राम. 14 नावं चालू! मीटिंगचं ॲप, गाण्यांचं ॲप, कुठलासा गेम, कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा अपडेटर. दाखल्याशी यांचा संबंध काय? नको ती 'डिसेबल' केली, मशीन रिस्टार्ट केलं. तीन मिनिटांत काम सुरू. खर्च शून्य.

ही पाहुणेमंडळी बोलावली कोणी? कोणीच नाही. कित्येक प्रोग्राम इन्स्टॉल होतानाच स्वतःला या यादीत बसवतात. परवानगीची खूण आधीच केलेली असते, आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत सुटतो. भाडेकरू ठेवला तर पोलिसांत नोंद करतो आपण; इथं मात्र न विचारता घुसलेल्याला रोज सकाळी पहिला चहा!

कोणी म्हणेल, मशीनच जुनी आहेत. असतीलही. सर्व्हरही कधी खरंच बंद पडतो. पण नव्या खरेदीचा प्रस्ताव पाठवण्याआधी ही यादी कोणी बघितली का? नाही बघितली तर नवं मशीनही वर्षभरात असंच रांगायला लागेल, आणि ते पैसे तुमच्या-माझ्या करातले असतील.

मागणी साधी आहे. तहसील असो, ग्रामपंचायत असो की झेडपीची शाळा, महिन्याच्या पहिल्या सोमवारी दहा मिनिटं काढून ही यादी तपासा. 'स्टार्टअप इम्पॅक्ट'च्या रकान्यात 'हाय' दिसेल, तिथून सुरुवात करा. अँटिव्हायरस, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन यांना हात लावू नका. ज्याची ओळख पटत नाही, त्याची आधी चौकशी करा. डिसेबल केल्यानं प्रोग्राम उडत नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. हवा तेव्हा उघडता येतो. आणि कंपन्यांनो, आधी विचारा, मग घुसा.

मावशींचा अर्ज त्या दिवशी भरला गेला. पण तोवर अर्ध्या दिवसाची मजुरी गेली होती. ती कोण भरून देणार?

आज आपापल्या मशीनवर बघा. किती आगंतुक सापडले, कॉमेंटमध्ये आकडा टाका. आणि पुढच्या वेळी "सर्व्हर डाऊन" ऐकलं की नम्रपणे विचारा, "साहेब, यादी बघितली का?"