दीपस्तंभ आणि जीवरक्षक

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सार्वजनिक वस्तूंचे प्रकरण आले की दीपस्तंभाचे उदाहरण हटकून येते. जॉन स्टुअर्ट मिलने 1848 साली आपल्या ग्रंथात ते दिले आणि आजही ते वर्गात चालते. दीपस्तंभाचा प्रकाश एका जहाजाने पाहिला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, आणि ज्याने पैसे दिले नाहीत त्याच्यापुरता तो विझवताही येत नाही. साहजिकच तो प्रत्येकाला हवा असतो. खर्च मात्र दुसऱ्याने करावा असे प्रत्येकास वाटते. यवतमाळ, पुसद वा वणी येथील महाविद्यालयांत हे उदाहरण शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनी दीपस्तंभच काय, समुद्रही पाहिलेला नसतो. आपल्या जिल्ह्यापासून अरबी समुद्राचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी 500 किलोमीटरांहून दूर आहे. त्यामुळे समुद्राशी त्यांची पहिली भेट होते ती हिवाळ्यातील शैक्षणिक सहलीत, नाही तर नोकरी लागल्यावर मित्रांनी मिळून काढलेल्या प्रवासात. ही पहिली भेट सुखरूप पार पडावी म्हणून समाजाने कोणती व्यवस्था केली आहे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. वस्तुतः तो जिवाचा प्रश्न आहे, आणि दीपस्तंभाच्या प्रश्नाशी त्याचे नाते सख्खे आहे.

सिंधुदुर्ग जिल्हा 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तेव्हापासून मालवणचे रूप पालटत गेले. शिवाजी महाराजांनी 1664 साली बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीची वाळू, कर्ली नदी समुद्राला मिळते ते देवबागचे टोक ही नावे आता विदर्भातही परिचयाची झाली आहेत. रापणीवर पोट भरणाऱ्या मच्छीमार घरांना पर्यटनाने दुसरा आधार दिला. माजघराशेजारची खोली पाहुण्यांसाठी निघाली, मासेमारीची होडी हंगामात प्रवाशांना फिरवू लागली. हे स्वागतार्ह आहे. कोकणातील तरुण मुंबईची वाट न धरता आपल्या गावी राहून चार पैसे मिळवतो, ही गोष्ट ज्यांच्या मुलांना पुण्या-नागपूरकडे जावे लागते त्या यवतमाळकरांना विशेष समजू शकेल.

आता त्यात सर्फिंगची भर पडत आहे. फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा हा खेळ मूळ हवाई बेटांचा. 2021 साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याला प्रथम स्थान मिळाले. आपल्याकडे कर्नाटकातील मुल्की, चेन्नईच्या दक्षिणेचे कोवलम आणि गोव्यातील हरमल येथे तो रुजला. कोवलमला तर मच्छीमारांची मुलेच ह्या खेळातील शिक्षक झाली. दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर हे दृश्य पाहणारा आपला विद्यार्थी किनाऱ्यावर पोहोचतो तेव्हा केवळ सूर्यास्त पाहून परतण्याची त्याची तयारी नसते. त्याला पाण्यात उतरावयाचे असते.

नदीचे शहाणपण समुद्रावर अपुरे

1 फेब्रुवारी 2016 रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील 14 विद्यार्थी बुडाले. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून 2 जण मृत्यू पावले. अशा मोठ्या घटना वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर येतात. एकटादुकटा बुडतो तेव्हा त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते, आणि त्या ओळींत मृताच्या गावाचे नाव पुष्कळदा किनाऱ्यापासून दूरचे असते. ‘तरुणांचा अतिउत्साह’ असे म्हणून आपण पान उलटतो. परंतु अतिउत्साह हे कारण सर्वत्र लावता येत असल्याने त्यातून काहीच उलगडत नाही.

खरे कारण अज्ञानाचे आहे, आणि ते अज्ञान दोषास्पद नाही. पैनगंगा, वर्धा, अडाण, अरुणावती यांच्या काठी वाढलेल्या मुलाला पाण्याचे जे ज्ञान असते ते नदीचे असते. नदीत प्रवाह एका दिशेने जातो. जेथे खळखळाट तेथे धोका, जेथे पाणी संथ तेथे पोहावे, असा त्याचा ठोकताळा असतो. समुद्रावर हाच ठोकताळा घात करतो. लाटा वाळूच्या बांधावर फुटून पाणी किनाऱ्याशी आणून टाकतात. ते साचलेले पाणी परत जाण्यासाठी बांधातील एखादी अरुंद फट शोधते आणि तेथून वेगाने समुद्राकडे धाव घेते. ह्या परतीच्या प्रवाहाच्या जागी लाटा कमी फुटतात, म्हणून ते पाणी आजूबाजूच्या पाण्याहून शांत दिसते. नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. काही वेळा ह्या प्रवाहाचा वेग सेकंदाला 2 मीटरपर्यंत जातो, आणि त्याच्या विरुद्ध निष्णात जलतरणपटूही टिकत नाही. ओढला गेलेला माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारू लागतो, थकतो आणि बुडतो. वास्तविक हा प्रवाह अरुंद असतो. तरंगत राहून किनाऱ्याला समांतर थोडे अंतर कापले तर बहुधा त्याच्या पकडीतून सुटता येते. एवढी एक गोष्ट ठाऊक असणे आणि नसणे ह्यांत जगण्या-मरण्याचे अंतर आहे.

मालवणच्या मच्छीमाराला हे शिकवावे लागत नाही. पाण्याच्या रंगावरून त्याला ते कळते. सर्फिंग करणारा तर ह्याच प्रवाहाचा उपयोग करून विनासायास लाटांपलीकडे जातो. एकाच पाण्यात एकाला वाट दिसते आणि दुसऱ्याला मृत्यू गाठतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ही माहितीची विषमता होय, आणि जेथे ती असते तेथे ग्राहकाने आपले हित आपण पाहावे हे तत्त्व निकामी ठरते. खोलीचे भाडे, जेवणाचा दर, होडीचे तिकीट यांची घासाघीस पर्यटक करतो. समोरच्या पाण्याची ओढ किती आहे हे विचारावे हेच त्याला सुचत नाही.

खर्च कोणी करावा?

उपाय सर्वांना ठाऊक आहे. प्रशिक्षित जीवरक्षक, टेहळणीचे मचाण, सुरक्षित जागा दाखविणारी निशाणे आणि बचावाचे साहित्य. अडते ते खर्चापाशी. किनाऱ्यावरील निवासगृहाच्या मालकाने जीवरक्षक नेमला तर तो शेजारच्या दहा निवासगृहांतील पाहुण्यांनाही वाचवणार. बुडणाऱ्याने वर्गणी भरली आहे की नाही हे पाहून कोणी दोरी फेकत नाही, आणि फेकूही नये. म्हणून प्रत्येक व्यावसायिक दुसऱ्याची वाट पाहतो आणि बाजारपेठ ही सेवा पुरवीत नाही. महाराष्ट्रात ही जबाबदारी बहुतांशी किनाऱ्यावरील ग्रामपंचायती व नगरपरिषदा यांच्यावर पडते. येणारा पर्यटक राज्यभरचा आणि त्याच्या जिवाची काळजी एका लहान ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर, हे गणित जुळणारे नाही. उरतो तो मच्छीमारांचा माणुसकीचा आधार. होडी टाकून धावून जाणाऱ्या ह्या माणसांनी किती जीव वाचवले असतील ह्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. परंतु परोपकार ही व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही.

दीपस्तंभाच्या इतिहासात ह्या कोड्याचे उत्तर सापडते. 1974 साली रोनाल्ड कोस ह्या अर्थशास्त्रज्ञाने एका गाजलेल्या लेखात दाखवून दिले की इंग्लंडमधील अनेक दीपस्तंभ खाजगी व्यक्तींनी उभारले व चालविले होते. त्यांची वसुली प्रकाशाच्या ठिकाणी होत नसे. ती बंदरात, नांगरलेल्या जहाजांकडून होत असे, आणि त्या वसुलीला राज्याच्या कायद्याचे पाठबळ असे. भारतातही 1927 च्या कायद्याने जहाजांवर दीपशुल्क बसविले, आणि 2021 च्या नव्या कायद्यातही तशी आकारणी आहे. बोध सरळ आहे. समुद्रावर प्रवेशशुल्क लावण्याची गरज नाही; लाटा पाहणे गरिबालाही मोफतच राहिले पाहिजे. मात्र जेथे पर्यटक पैसे मोजतोच, त्या खोलीच्या आणि जलक्रीडेच्या पावतीत अल्पसा सुरक्षा अधिभार घालून तो केवळ जीवरक्षकांसाठी राखून ठेवता येईल. राखून ठेवणे हे महत्त्वाचे. नाही तर तो सर्वसाधारण तिजोरीत जिरून जाईल.

हे अव्यवहार्य नाही. शेजारच्या गोव्याने 2008 पासून किनाऱ्यांवरील जीवरक्षणाचे काम ‘दृष्टी’ ह्या खाजगी संस्थेकडे सोपवले. काम खाजगी हातांनी होते, पैसा सरकार देते. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर 1907 मध्येच स्वयंसेवकांचे जीवरक्षक मंडळ निघाले. 6 फेब्रुवारी 1938 रोजी तेथे सुमारे अडीचशे माणसे एकाच वेळी खोल पाण्यात ओढली गेली. 5 जण दगावले. उरलेले सारे वाचले, कारण स्वयंसेवक मोठ्या संख्येने किनाऱ्यावर हजर होते. मुरूडची आठवण ठेवून ह्या आकड्यांकडे पाहावे.

सर्फिंगच्या फळीकडेही ह्याच नजरेने पाहिले पाहिजे. हवाईचा ऑलिंपिक सुवर्णपदकविजेता जलतरणपटू ड्यूक कहानामोकू ह्याने 1925 साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर नौका उलटली असता आपल्या फळीवरून 8 जणांना बाहेर काढले. त्यानंतर अशी फळी जीवरक्षकांच्या साहित्यात रूढ झाली. मालवणच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकविणारी केंद्रे उद्या निघाली तर त्यांना परवाना देताना एकच अट पुरेशी आहे: प्रत्येक शिक्षक हा प्रशिक्षित जीवरक्षक असला पाहिजे. मच्छीमार तरुणाला रोजगार आणि पर्यटकाला संरक्षण, असा दुहेरी लाभ त्यातून होईल.

आपल्या जिल्ह्याचा संबंध काय?

येथे एखादा वाचक विचारील की विदर्भाच्या अनुशेषाची रड संपलेली नसताना कोकणच्या किनाऱ्याची चिंता यवतमाळने का वाहावी? ह्याला उत्तर असे की वर सुचविलेला अधिभार कापूस उत्पादकाच्या खिशातून जाणार नाही. जो किनाऱ्यावर जाईल तोच तो भरील. आणि ज्यांच्या संरक्षणाचा हा प्रश्न आहे ती मुले किनाऱ्यावरच्या गावांतली नाहीत, आपली आहेत.

दुसरे असे की अर्धे काम आपल्याच अंगणात आहे. बुडून मरण्यासाठी समुद्रच लागतो असे नाही. सप्टेंबर 2021 मध्ये अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले. आपल्याकडील धरणांचे जलाशय, बंधारे, शेततळी आणि विहिरी यांत दरवर्षी मुले दगावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 ह्या एका वर्षात जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतील बहुसंख्य गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होती. शालेय वयातील मुलांना पोहणे आणि सुरक्षित बचावाचे धडे द्यावेत, ही त्या संघटनेची स्वस्तात होणारी शिफारस आहे. आपल्याकडे पोहणे हा अजूनही छंद समजला जातो, आणि मुलींच्या बाबतीत तर तोही नाही. प्रत्येक तालुक्याला एक जलतरण तलाव आणि एक शिक्षक ही मागणी रस्ता व वीज यांच्या मागणीइतक्याच गांभीर्याने आमदारांपुढे ठेवावयास हवी.

मुरूडच्या दुर्घटनेनंतर सहलींवर निर्बंध घालणारी परिपत्रके निघाली. परिपत्रकाने संस्था जबाबदारीतून सुटते, विद्यार्थी धोक्यातून सुटत नाही. महाविद्यालयाने नेले नाही तर तो मित्रांबरोबर जातो, आणि तेव्हा त्याच्यासोबत शिक्षकही नसतो. म्हणून ह्या हिवाळ्यात ज्या महाविद्यालयांच्या सहली कोकणाकडे निघतील त्यांनी निघण्यापूर्वी एक तास राखून ठेवावा. फळ्यावर वाळूचा बांध आणि परतीचा प्रवाह काढून दाखवावा. भरती-ओहोटीच्या वेळा लिहून द्याव्यात. बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी उडी न घेता दोरी, बांबू वा रिकामा डबा फेकावयाचा असतो हे सांगावे. आणि पोहोचल्यावर पाण्यात उतरण्याआधी स्थानिक मच्छीमाराला विचारावे. ह्यासाठी कोणत्याही अनुदानाची वा शासननिर्णयाची आवश्यकता नाही. अधिभार आणि तलाव येतील तेव्हा येतील. हा एक तास प्राचार्यांच्या आणि सहल नेणाऱ्या शिक्षकांच्या हातातला आहे.